वजनकाट्याला न कळणारी चरबी

साशंक : कर्करोगाच्या कारणांच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आता तंबाखूच्या पाठोपाठ घेतलं जातं. मला यात दोन गोष्टी खटकतात. पहिली पुराव्याची. जाड आणि बारीक माणसांत फरक फक्त चरबीचा नसतो. खाणं, चालणं-फिरणं, कामाचं स्वरूप, झोप, उत्पन्न, दारू, वेळेवर डॉक्टरकडे जाणं, यांतलं काहीही वेगळं असू शकतं. या गुंत्यातून एकट्या चरबीवर बोट ठेवायचं ते कशाच्या आधारावर? फुप्फुसाच्या कर्करोगात तर जाड माणसांचं प्रमाण कमी दिसतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे सिगारेट ओढणारे बहुधा बारीक असतात. वजनाचे आकडे किती चकवतात हे तिथेच कळतं. दुसरी गोष्ट माणुसकीची. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग प्रामुख्याने तंबाखूने होतो, गर्भाशयमुखाचा एचपीव्ही विषाणूने. तिथे काय करायचं ते ठाऊक आहे आणि ते काम अजून अर्धंही झालेलं नाही. त्यात आपल्या भाषेत ‘चरबी चढली’ म्हणजे माज आला. या शब्दाला मुळातच दोषारोपाचा वास आहे. आजाराने आधीच खचलेल्या बाईला ‘तुमच्या वजनामुळे झालं’ असं सांगायचं असेल, तर पुरावा फार पक्का हवा.

आग्रही : पुरावा पक्का हवा हे मान्य, म्हणून आधी त्याचा आवाका सांगतो. अमेरिकेत १९८२ मध्ये नोंदवलेल्या नऊ लाखांहून अधिक प्रौढांचा १६ वर्षं मागोवा घेतला गेला. २००३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत असा अंदाज होता की तिथे कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुरुषांत १४ टक्के आणि स्त्रियांत २० टक्के मृत्यू जास्तीच्या वजनाशी जोडता येतील. सिगारेटचा घोळ टाळण्यासाठी कधीच धूम्रपान न केलेल्यांचा हिशेब त्यात वेगळा मांडला होता. पुढे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हजाराहून अधिक अभ्यास तपासले आणि १३ कर्करोगांबाबत पुरावा पुरेसा असल्याचं जाहीर केलं. त्यांत गर्भाशयाचं अस्तर, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, अंडाशय आणि पाळी थांबल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग आहे. पण मला या यादीच्या लांबीपेक्षा तिचा काटेकोरपणा जास्त पटतो. अन्ननलिका घ्या. तिच्यात मुख्यतः दोन प्रकारचे कर्करोग होतात. पोटाजवळच्या भागात, ग्रंथींच्या पेशींतून होणारा प्रकार लठ्ठपणाबरोबर ठळकपणे वाढतो. भारतात जास्त आढळणारा, तंबाखू-दारूशी बांधलेला प्रकार वाढत नाही, उलट बारीक माणसांत जास्त दिसतो. नळी एकच आणि उत्तरं दोन. स्तनाचंही तसंच. पाळी थांबल्यानंतर लठ्ठपणा धोका वाढवतो, पण पाळी चालू असताना जाड स्त्रियांत या कर्करोगाचं प्रमाण कमीच आढळतं. जाड माणसांच्या गरिबीमुळे किंवा सवयींमुळेच हे सगळं दिसत असतं, तर ते सगळीकडे एकाच दिशेने दिसलं असतं. एकाच अवयवात, एकाच बाईत, वयाच्या एका टप्प्यावर दिशा फिरते, तेव्हा तिथे शरीरातलंच काही काम करत असतं.

साशंक : ते काय, हेच मला ऐकायचं आहे. दिशा फिरते हे निरीक्षण झालं, स्पष्टीकरण नव्हे.

आग्रही : स्तन आणि गर्भाशय यांच्यापुरतं स्पष्टीकरण बरंच स्वच्छ आहे. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयातून येतं. पाळी थांबली की तो झरा आटतो, आणि मग इस्ट्रोजेनचा मोठा पुरवठा चरबीतून होतो. चरबीच्या ऊतीत अरोमाटेज नावाचं विकर असतं. रक्तातल्या पुरुषी संप्रेरकांचं ते इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. चरबी जास्त, तर हा कारखाना मोठा. गर्भाशयाच्या अस्तरावर अशा एकट्या इस्ट्रोजेनचा काय परिणाम होतो, याची परीक्षा चरबीशिवायही झालेली आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांना एके काळी नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जात. त्या घेणाऱ्यांत अस्तराचा कर्करोग वाढल्याचं १९७५ मध्ये उघड झालं. गोळीने बाहेरून जे केलं तेच चरबी आतून करते, आणि म्हणूनच या कर्करोगाचं लठ्ठपणाशी नातं सगळ्यांत घट्ट आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, पाच अंकांनी वाढला की धोका साधारण दीडपटीच्या पुढे जातो. आणि आजच्या उपचारांकडे पाहा. पाळी थांबलेल्या, संप्रेरकांना दाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही गोळी वर्षानुवर्षं दिली जाते. ती बंद पाडते ते हेच विकर. मग ती गोळी लिहून देणारा डॉक्टर चरबीच्या त्या कारखान्यालाच कुलूप लावत असतो.

साशंक : गर्भाशयाचं मी मान्य करतो. पण १३ पैकी बहुतेक कर्करोगांना इस्ट्रोजेनचं स्पष्टीकरण लागू होत नाही. तिथे मग इन्सुलिन येतं, दाह येतो, चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक येतं. दर वेळी नवं कारण पुढे येत असेल तर माझी शंका वाढते. आणि यातल्या एका कारणाची तर रीतसर चाचणी झाली. इन्सुलिन जास्त असल्याने कर्करोग फोफावतो असं असेल, तर ते कमी करणाऱ्या मेटफॉर्मिनने फायदा व्हायला हवा होता. मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकून मेटफॉर्मिन किंवा नुसती साखरेची गोळी दिली गेली. २०२२ मध्ये निकाल आला, कर्करोग परतण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. कागदावर पटणारी साखळी शरीरात अशी तुटते.

आग्रही : तुटली हे खरं, आणि ते लपवू नये. पण त्या चाचणीने एका प्रश्नाचं उत्तर दिलं. उपचार झालेल्या रुग्णात एका औषधाने इन्सुलिन थोडं खाली आणलं तर पुरतं का? नाही पुरत. चरबीची करणी एका धाग्याची नाही, हेच त्यातून निघतं. ती करणी जवळून पाहू. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब, आणि त्या थेंबाने कडेला दाबून बसवलेलं केंद्रक. वजन वाढतं तेव्हा ही पेशी फुगत जाते. फुगता फुगता तिला रक्तातला प्राणवायू अपुरा पडू लागतो, आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीतलं तेल साफ करायला शरीराच्या सफाईपेशी धावून येतात आणि तिच्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते कडं मुकुटासारखं दिसतं, शास्त्रज्ञांनी नावही तसंच ठेवलं आहे. त्या कड्यातून दाह वाढवणारी रसायनं पाझरत राहतात. आणि स्तनाच्या चरबीत जिथे असे मुकुट जास्त, तिथे अरोमाटेजही जास्त सापडतं. म्हणजे दाह आणि इस्ट्रोजेन हे दोन वेगळे बहाणे नाहीत, ते एकाच ऊतीत एकमेकांना चढवतात. चरबी हे गोदाम नसून संप्रेरकं बनवणारा अवयव आहे, हे १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यापासून आपण जाणतो. बिघडलेल्या अवयवाकडून एकच दोष अपेक्षित कशाला करायचा?

साशंक : अवयव बिघडला असेल तर तो कमी केल्यावर धोका कमी व्हायला हवा. कार्यकारणाची खरी कसोटी तीच.

आग्रही : ती कसोटी काही अंशी लागली आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेले सुमारे ५,००० रुग्ण आणि तशाच प्रकारचे पण शस्त्रक्रिया न झालेले सुमारे २५,००० रुग्ण यांची तुलना झाली. दहा वर्षांत लठ्ठपणाशी संबंधित कर्करोग पहिल्या गटात २.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के लोकांना झाला. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढं वजन, एवढा काळ उतरून राहिलं, तर फरक पडतो.

साशंक : तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेला तयार होणारा आणि ती झेपणारा माणूस आधीच थोडा वेगळा असतो. स्वीडनमधल्या अशाच दीर्घ अभ्यासात स्त्रियांचा कर्करोग घटला, पुरुषांत फरक दिसला नाही. चरबीच दोषी असेल तर पुरुषांची चरबी निर्दोष कशी? आणि रीतसर चिठ्ठ्या टाकून झालेली एक चाचणी तर तुमच्या मांडणीला आडवी जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला. २०२५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी जिवंत असलेल्यांतही फरक टिकला. एखाद्या नव्या औषधाने हे केलं असतं तर त्याची दवंडी पिटली गेली असती. पण त्या गटाचं वजन किंवा कमरेचा घेर लक्षणीय उतरला नव्हता. वजन तसंच राहूनही माणसं जास्त जगली. मग आपण रुग्णाला वजनाच्या काट्यावर का उभं करतो?

आग्रही : ही चाचणी माझ्या विरोधात जाते असं तुम्हाला वाटतं, मला ती माझं म्हणणं दुरुस्त करणारी वाटते. व्यायामाने इन्सुलिन सुधारतं, दाह उतरतो, स्नायू टिकतात, आणि यासाठी काटा हलावा लागत नाही. चरबीचं वागणं आणि चरबीचं वजन या दोन गोष्टी आहेत, आणि मी आतापर्यंत त्या एकाच दमात बोलत आलो. तेवढी चूक माझी.

साशंक : मग आणखी एक गाठ सोडवा. कर्करोग झाल्यानंतर काही रुग्णांत लठ्ठपणा फायद्याचा दिसतो. त्वचेचा मेलानोमा शरीरभर पसरलेल्या रुग्णांचा २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला. प्रतिकारशक्तीला मोकळं करणारी नवी औषधं घेतलेल्यांत जाड पुरुष बारीक पुरुषांपेक्षा जास्त काळ जगले. ज्या चरबीने आजार आणला, तीच उपचारात आधार देते, हे कसं?

आग्रही : याची दोन उत्तरं आहेत. पहिलं सीटी स्कॅनमध्ये दिसतं. कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक आडवा काप घ्या. मणक्याभोवती आणि पोटाच्या भिंतीत राखाडी दिसतो तो स्नायू, आणि त्वचेखाली व आतड्यांभोवती काळसर दिसते ती चरबी. एकाच बीएमआयची दोन माणसं शेजारी ठेवली तर एकाचा राखाडी पट्टा जाड असतो, दुसऱ्याचा चरबीच्या काळ्यात हरवलेला. कर्करोग माणसाला खंगवतो, म्हणून निदानाच्या वेळी जास्त वजन असणं म्हणजे बऱ्याचदा अजून न खंगलेलं असणं. तिथे आधार देणारा स्नायू असतो, श्रेय मात्र चरबीला जातं. कॅनडात २००८ मध्ये लठ्ठ कर्करुग्णांचे असे काप मोजले, तेव्हा दर शंभरात सुमारे १५ जणांत भरल्या अंगाखाली स्नायू झडलेला आढळला, आणि ते इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा फार लवकर गेले. बाहेरून बघणाऱ्याला ते ‘खात्यापित्या घरचे’ वाटले असतील. दुसरं उत्तर जास्त खोल आहे. उंदरांवर आणि माणसांच्या गाठींवर झालेल्या कामात, २०१९ मध्ये, दिसलं की लठ्ठपणात लेप्टिनमुळे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी थकतात आणि त्यांच्यावर पीडी-१ नावाचा लगाम जास्त घट्ट बसतो. त्यामुळे गाठ वेगाने वाढते. पण हे औषध नेमका तोच लगाम सोडतं, म्हणून लगाम जिथे जास्त तिथे औषधाला वावही जास्त. चरबीने नुकसान केलं, आणि त्याच नुकसानीने औषधाला दार उघडून दिलं. म्हणून मेलानोमाच्या रुग्णाला वजन वाढवायला सांगणं चूक ठरेल, आणि केवळ जाड आहे म्हणून त्याची आशा सोडणं ही तितकीच मोठी चूक.

साशंक : उपचारांकडे आलोच आहोत, तर मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मांडतो. केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. त्यासाठीचं सर्वाधिक परिचित सूत्र १९१६ मधलं आहे आणि ते नऊ माणसांच्या मोजमापांवर बेतलेलं होतं. जाड रुग्णाचा हिशेब केला की आकडा मोठा येतो. तो पाहून डॉक्टर बिचकतात आणि डोस कमी करतात, किंवा खऱ्या वजनाऐवजी ‘आदर्श’ वजन धरतात. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये नमूद केलं की लठ्ठ रुग्णांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना असा आखडता डोस मिळतो. खऱ्या वजनावर पूर्ण डोस द्या, त्याने विषबाधा जास्त होत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि २०२१ मध्ये ते पुन्हा सांगितलं. मग माझा प्रश्न असा : ‘जाड रुग्ण कमी जगतात’ या आकड्यातला किती वाटा चरबीचा आहे आणि किती आपल्या हाताने कमी केलेल्या औषधाचा? जाड बाईच्या स्तनातली गाठ हाताला उशिरा लागते. वजनावरून बोलणी खावी लागतील म्हणून ती दवाखान्यात उशिरा येते. आल्यावर तिला औषध कमी मिळतं. आणि शेवटी पाठ्यपुस्तकात लिहिलं जातं की लठ्ठपणात रोगाचं भवितव्य वाईट असतं.

आग्रही : या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. बरा होण्याची शक्यता असलेल्या रुग्णाचा डोस भीतीपोटी कमी करणं हा अन्यायच आहे, आणि तो आजच थांबवता येतो. त्याला नवं संशोधन लागत नाही. पण पूर्ण डोस दिला की चरबीचा प्रश्न संपतो, असंही नाही. लठ्ठ मुलांमधल्या तीव्र ल्युकेमियाचा अभ्यास करताना प्रयोगशाळेत दिसलं की चरबीच्या पेशी डॉनोरुबिसिन हे औषध स्वतः शोषून घेतात आणि त्याचा जोर मोडतात. शेजारच्या कर्कपेशीपर्यंत ते मग कमी पोहोचतं. अंडाशयाच्या कर्करोगात चित्र आणखी स्पष्ट आहे. आतड्यांवर पदरासारखं लोंबणारं चरबीचं एक आवरण असतं, ओमेंटम. अंडाशयातून सुटलेल्या कर्कपेशी फार वेळा तिथेच जाऊन रुजतात. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की तिथल्या चरबीपेशी कर्कपेशींना बोलावतात आणि आपलं तेल त्यांना इंधन म्हणून देतात. पण यात नीट लक्ष द्या : ओमेंटम बारीक बाईलाही असतो. इथे प्रश्न लठ्ठ असण्याचा राहतच नाही. गाठीच्या शेजारी चरबी आहे आणि तिचं गाठीशी जमतं, एवढं पुरतं.

साशंक : मग आपल्या माणसांकडे पाहायला हवं, कारण इथे तर काटा उघडच फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीने भरलेला, हे आपलं वैशिष्ट्य. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ वर ओढली आणि कमरेसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा घातली. देशभरच्या २०२३ मधल्या मोठ्या पाहणीत बीएमआयप्रमाणे लठ्ठ २८.६ टक्के निघाले, पोटाच्या घेरावरून ३९.५ टक्के. तुमची १३ कर्करोगांची यादी मुख्यतः गोऱ्या लोकांच्या बीएमआयवर उभी आहे. ती इथे जशीच्या तशी कशी लावणार?

आग्रही : जशीच्या तशी लावता येणार नाही. पण तुम्ही सांगितलेलं छायाचित्र माझ्या मते धोका कमी दाखवत नाही, तो लपल्याचं दाखवतं. अमेरिकेतच पाळी थांबलेल्या, बीएमआय अगदी सामान्य असलेल्या ३,४६० स्त्रियांच्या अंगातली चरबी यंत्राने मोजली होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : सर्वाधिक चरबी असलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी चरबी असलेल्या गटाच्या जवळपास दुप्पट होता. काट्याच्या दृष्टीने त्या सगळ्या ठीक होत्या. हेच नातं आपल्या बायकांत असेल, तर ‘मी तर बारीक आहे’ हा दिलासा आपल्याकडे सगळ्यांत फसवा ठरेल.

साशंक : तर मग माझी शंका जागा बदलते, मिटत नाही. चरबीचा कर्करोगाशी संबंध आहे का, हे मी आता विचारणार नाही. मी विचारेन : कोणत्या चरबीचा, शरीरात कुठल्या जागी, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर? आणि वीस वर्षं पेटत राहिलेला दाह वजन उतरल्यावर विझतो का, की त्याने पेशींत जे बिघडवलं ते तसंच राहतं? वजनाची नवी इंजेक्शनं आता घरोघरी पोहोचतील. ती काटा उतरवतील. पण त्याबरोबर स्नायूही उतरला, तर कर्करुग्णाच्या बाबतीत आपण नेमकं काय कमावलं?

आग्रही : आणि माझा आग्रह अरुंद होतो, पण सुटत नाही. एकाच बीएमआयच्या, समजा २९ च्या, दोन बायका घ्या. एकीचा स्तनाचा कर्करोग बरा झाला आहे, ती लेट्रोझोल घेते आहे, तिच्या पोटाचा घेर वाढतो आहे. दुसरीला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि दोन महिन्यांत तिचं आठ किलो वजन गेलं आहे. काट्यावर दोघी सारख्या. पहिलीला रोज चालायला आणि चरबी आटोक्यात ठेवायला सांगायला हवं. दुसरीच्या ताटात तिच्या माणसांनी तूप-शिरा वाढला तर त्यांना टोकू नये, आणि तिच्यासाठी प्रत्येक किलो राखण्याची धडपड करावी. दोघींना ‘वजनाकडे लक्ष द्या’ हे एकच वाक्य सांगणं म्हणजे एकीवर तरी अन्याय.

साशंक : या दोघी टोकाच्या आहेत, म्हणून उत्तर सोपं गेलं. यांच्या मधल्या हजारोंचं काय? मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, थोडी जाड, थोडी अशक्त, केमोच्या चौथ्या फेरीत असलेली बाई विचारते, ‘डॉक्टर, मी बारीक होऊ का?’ त्या क्षणी तिला काय सांगायचं?

आग्रही : तिला काट्यावर चढवण्याआधी, आजारासाठी काढलेल्या तिच्याच सीटी स्कॅनमधला तो एक काप नीट पाहायचा. स्नायू किती आहे, चरबी कुठे आहे, हे तिथे आधीच छापलेलं असतं आणि बहुतेक वेळा कुणी मोजलेलं नसतं. तिला चालायला सांगायचं, औषध तिच्या खऱ्या वजनाइतकं पूर्ण द्यायचं. बारीक होऊ का, याचं उत्तर मात्र आज माझ्याकडे नाही.